वाळूवरची सर्व्हिस सुधारायची कशी

मातीच्या मैदानावर सहा-सहा जणांचं व्हॉलीबॉल खेळून आलेला खेळाडू वाळूवर उतरतो तेव्हा सर्व्हिसकडे जुन्याच नजरेने बघतो. चेंडू नेटपलीकडे गेला, खेळ सुरू झाला, बास. बीच व्हॉलीबॉलमध्ये एवढ्यावर भागत नाही. इथे एका बाजूला दोनच खेळाडू असतात. ज्याच्याकडे सर्व्हिस जाते तो चेंडू उचलून जोडीदाराकडे देतो, जोडीदार लिफ्ट देतो, म्हणजे मारण्यासाठी चेंडू उंच उडवून देतो, आणि स्मॅश मारायला बहुतेक वेळा परत पहिल्यालाच धावावं लागतं. सहा जणांच्या खेळात लिफ्टरजवळ तीन-चार मारणारे असतात आणि कुणाला चेंडू द्यायचा हे तो ठरवतो. वाळूवर तो निर्णय बराचसा सर्व्हिस करणाऱ्याच्या हातात येतो. समोरच्या दोघांपैकी कोण मारणार, कुठून धावत येणार, सेटच्या शेवटी कुणाचे पाय जड झालेले असणार, हे तुम्ही मागच्या रेषेबाहेर उभं राहून ठरवू शकता.

म्हणून सर्व्हिसचा सराव म्हणजे "रोज शंभर चेंडू मारा" एवढंच सांगून चालत नाही. टॉस (मारण्याआधी चेंडू वर उडवणं), हात, उडी हे लागतंच. पण चेंडू कुणावर, कुठे आणि आत्ताच्या वाऱ्यात कसा मारायचा, हा निर्णयही सरावात यायला हवा. निर्णय वगळून मारलेल्या शंभर सर्व्हिस खांदा दुखवतात, बाकी फारसं काही करत नाहीत.

कोर्ट आणि नियम, कामापुरते

बीचचं कोर्ट १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. एका जोडीच्या वाट्याला ६४ चौरस मीटर वाळू येते, म्हणजे माणशी ३२. पूर्वी हे कोर्ट इनडोअरसारखंच, म्हणजे सहा जणांच्या खेळासारखंच, १८ बाय ९ होतं. २००१ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय महासंघाने ते लहान केलं आणि त्याच सुमारास गुण मोजायची पद्धतही बदलली. त्याआधी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मिळायचा. सर्व्हिस नेटमध्ये गेली तर सर्व्हिस जायची, समोरच्याच्या नावावर गुण चढत नसे. आता प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतच्या खेळाला, गुण आहे. पहिले दोन सेट २१ चे, तिसरा लागला तर १५ चा. चुकलेली सर्व्हिस म्हणजे समोरच्याला थेट एक गुण, त्यामुळे किती धोका पत्करायचा याचा हिशेब करावाच लागतो. तो पुढे करू.

सरावाच्या दृष्टीने तीन नियम डोक्यात पक्के हवेत. पंचांची शिट्टी झाल्यावर पाच सेकंदांत चेंडू मारायचा. एकदा टॉस केला की तो मारलाच पाहिजे. टॉस बिघडला म्हणून चेंडू झेलला किंवा खाली पडू दिला तरी सर्व्हिस गेली. आणि मारताना किंवा उडी घेताना पाय मागच्या रेषेला लागता कामा नये, रेषेच्या पट्टीखाली सरकताही कामा नये. वाळूत पाय घसरतो, पट्टी हलते, त्यामुळे हा तिसरा नियम इनडोअरपेक्षा इथे जास्त वेळा मोडला जातो. रेषेपासून हातभर मागून सुरुवात करायची सवय लावली की तो प्रश्न मिटतो.

आता नेटची उंची. पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. साधारण पावणेसहा फुटी माणसाने उभ्या उभ्या हात वर केला तर तो जेमतेम सव्वादोन मीटरवर पोचतो, म्हणजे पुरुषांच्या नेटच्या वरच्या पट्टीच्याही खाली. तरीही नवखे खेळाडू सर्व्हिस स्मॅशसारखी खाली दाबायला जातात आणि चेंडू नेटमध्ये अडकतो. उडी मारून २.८ मीटरवर चेंडू गाठला तरी गणित फार बदलत नाही. तिथून नेटच्या पट्टीला चाटून जाणारी सरळ रेघ काढली तर ती समोरच्या मागच्या रेषेवर दोन मीटरपेक्षाही उंचीवरून जाते. रेषेच्या आत चेंडू पडतो तो गुरुत्वाकर्षणामुळे आणि हवेमुळे. तुम्ही दाबला म्हणून तो पडत नाही. उभ्याने केलेली सर्व्हिस वरच्या दिशेनेच मारायची, एवढं डोक्यात बसलं तरी नेटमधल्या चुका बऱ्याच कमी होतात.

हवेत चेंडूचं काय होतं

बीचचा चेंडू इनडोअरपेक्षा किंचित मोठा असतो, घेर ६६ ते ६८ सेंटीमीटर. वजन तेवढंच, २६० ते २८० ग्रॅम. खरा फरक हवेच्या दाबात आहे. इनडोअर चेंडूत ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब असतो, बीचच्या चेंडूत ०.१७५ ते ०.२२५. त्यामुळे तो हाताला मऊ लागतो, तळव्यावर जरा जास्त वेळ रेंगाळतो आणि हात ढिला असेल तर नको ती फिरकी घेऊन निघतो. इनडोअरचा चेंडू घेऊन वाळूवर सराव करणारे बरेच असतात. खेळायला हरकत नाही, पण सर्व्हिसच्या सरावासाठी तो चेंडू फसवा आहे. तो वाऱ्याला वेगळा वागतो आणि हाताला खोटा आत्मविश्वास देतो.

फिरकीवरून सर्व्हिसचे दोन मुख्य प्रकार होतात. टॉपस्पिनमध्ये चेंडू पुढच्या दिशेने गरगर फिरतो. फिरताना तो आपल्या भोवतीची हवा वरच्या बाजूला ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः खाली दाबला जातो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. म्हणून टॉपस्पिन जोरात मारता येते. चेंडू नेटवरून वेगात जातो आणि पुढे झपकन खाली येतो.

फ्लोटरमध्ये चेंडू जवळजवळ न फिरता जातो. आपल्याकडच्या व्यायामशिक्षकांनी शिकवलेली "फ्लोटिंग सर्व्हिस" ती हीच. न फिरणाऱ्या चेंडूच्या पृष्ठभागावरून हवा सगळीकडे सारखी सुटत नाही. एका बाजूला शिवण असते, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत भाग, त्यामुळे कधी डावीकडची हवा आधी सुटते, कधी उजवीकडची, आणि चेंडूला त्या त्या बाजूला हलका धक्का बसत राहतो. चेंडू जरासा वळला की शिवण भलतीकडे येते आणि धक्क्याची दिशाही बदलते. चेंडू कुठे डुलेल हे मारणाऱ्यालाही नेमकं माहीत नसतं, आणि फ्लोटरची ताकद त्यातच आहे. ताशी ५० किलोमीटरने मारलेली सर्व्हिस १६ मीटर जायला सव्वा सेकंदाच्या आसपास घेते. तेवढ्यात समोरच्याने जागा घ्यायची, हात जुळवायचे आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये चेंडू सरकला तर तेही सावरायचं.

टॉस: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी सराव

सर्व्हिस बिघडली की लोक हाताला दोष देतात. बहुतेक वेळा चूक टॉसमध्येच झालेली असते. वाळूवर ती जास्त महागात पडते, कारण टॉस परत घेता येत नाही आणि वारा चेंडू हलवतो.

सराव असा. मारणाऱ्या हाताच्या बाजूच्या पायापुढे, फूट-दीड फुटावर, टाचेने वाळूत एक गोल काढा, ताटाएवढा. नेहमीसारखा टॉस करा, मारणारा हात मागे न्या, पण चेंडू मारू नका. तो खाली पडू द्या आणि वाळूत खळगा कुठे उमटतो ते बघा. वाळूचा हा फायदा आहे, ती खोटं बोलत नाही. सलग पाच खळगे गोलात आले की तोंड फिरवा आणि वारा दुसऱ्या बाजूने घ्या. चारही दिशांना हे करून झालं की कळतं की समोरून वारा असताना टॉस आपोआप डोक्यावर येतो आणि मागून असताना हाताबाहेर पळतो. उपाय साधा आहे: टॉस कमी उंचीचा करायचा. जितका वेळ चेंडू हवेत, तितका वेळ तो वाऱ्याच्या ताब्यात. फ्लोटरला तर हाताच्या वर दोन-अडीच फूट टॉस पुरतो. टॉस देणाऱ्या हाताची बोटं चेंडूखालून सुटताना गुंडाळू नका, नाहीतर चेंडू टॉसमध्येच फिरायला लागतो आणि मग पुढे फ्लोटर होणं कठीण.

जंप टॉपस्पिनचा टॉस वेगळा. तो उंच आणि पुढे असतो, कारण धावत जाऊन गाठायचा असतो. वाळूत पाय रुततो आणि उडीची बरीच ताकद वाळूच खाते. इनडोअरच्या अंदाजाने पुढे टाकलेला टॉस गाठता येत नाही, मग खेळाडू कमरेत वाकून मारतो आणि चेंडू नेटमध्ये. इथे टॉस आणि धाव दोन्ही आखूड करा. शेवटची दोन पावलं जलद आणि लांबीला कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू मोहात पाडते, तिथे उडीही छान लागते. पण स्पर्धेचं कोर्ट किमान ४० सेंटीमीटर खोल मोकळ्या वाळूचं असतं. जंप सर्व्हिसचा सराव कोरड्या वाळूतच करा.

हात आणि चेंडूची गाठ

फ्लोटरसाठी मनगट ताठ हवं, तळव्याच्या घट्ट भागाने चेंडूच्या मधोमध ठोसा बसला पाहिजे आणि मारल्यावर हात फार पुढे न नेता थांबला पाहिजे. हे सांगायला सोपं आहे, करताना मनगट वळतंच. आपलं मनगट वळतंय का, हे तपासायला चेंडूवर मार्करने मधोमध एक जाड पट्टा काढा. नेटपासून चार मीटरवर उभे राहा, पलीकडे जोडीदार तेवढ्याच अंतरावर, आणि अर्ध्या जोराने एकमेकांना फ्लोटर मारा. पट्टा स्थिर दिसला तर फिरकी नाही. पट्ट्याचा धूसर गोळा झाला तर मनगट वळलं. जोडीदाराने प्रत्येक वेळी ओरडून सांगायचं: "स्थिर" किंवा "फिरला". चेंडू स्थिर जायला लागला की दोघांनी एक-एक मीटर मागे सरकायचं. मागच्या रेषेपर्यंत पोचायला एक सत्र लागेल किंवा चार. घाई केली तर जोर लावण्याच्या नादात मनगट परत सैल पडतं.

टॉपस्पिनला याच्या उलट. हाताचा पंजा उघडा, चेंडूच्या मागच्या-वरच्या भागावरून बोटं पुढे ओढायची आणि हात पूर्ण खाली येऊ द्यायचा. पट्ट्याचा चेंडू इथेही कामाला येतो, फक्त आता पट्टा सरळ पुढे गरगरताना दिसला पाहिजे. तो तिरका फिरत असेल तर चेंडू बाजूला पळणार.

यानंतर दोरीचा सराव. नेटच्या दोन्ही खांबांना बांबू किंवा काठ्या बांधून नेटच्या वर दीड-दोन फुटांवर एक दोरी ताणा. सर्व्हिस नेट आणि दोरीच्या मधून गेली तरच धरायची. उंचावरून आरामात जाणारी सर्व्हिस समोरच्याला जागा घ्यायला वेळ देते. दोरीखालून गेलेली देत नाही. सुरुवातीला खूप चेंडू दोरीवरून जातील. जाऊ द्या. दोरी खाली आणण्याची घाई नको आणि दोरी काढून टाकण्याचीही.

कुठे मारायचं

इथून पुढे सराव खऱ्या अर्थाने बीचचा होतो.

समोरच्या अर्ध्या कोर्टात टाचेने रेघा ओढून चार जागा ठरवा: दोन्ही मागचे कोपरे, दोघांच्या मधला पट्टा, आणि नेटपासून तीन मीटरच्या आतली पुढची जागा. प्रत्येकीचा उपयोग वेगळा आहे. मधल्या पट्ट्यात सर्व्हिस गेली की "तू की मी" असा क्षणभर गोंधळ होतो. नवख्या जोड्यांविरुद्ध हीच सगळ्यात फायद्याची जागा. मागच्या कोपऱ्यात गेली की पास लांबून द्यावा लागतो आणि मारायला येताना अंतरही जास्त. पुढे आखूड टाकली की घेणारा नेटजवळ अडकतो, त्याला मारण्यापूर्वी मागे सरकून धाव घ्यायला जागाच उरत नाही. उंच ब्लॉकरला, म्हणजे नेटवर फटके अडवणाऱ्याला, हे विशेष आवडत नाही. शिवाय पूर्ण सेटभर त्याच्यावरच सर्व्हिस केली तर घेणं, मारणं आणि मग धावत जाऊन ब्लॉक करणं, हे सगळं त्याच्याच अंगावर येतं.

सर्व्हिसची जागाही बदलता येते हे बरेच जण विसरतात. मागच्या रेषेच्या आठही मीटर रुंदीत कुठूनही मारायची मुभा आहे. एका कोपऱ्यातून सरळ समोर मारली तर मागच्या रेषेपर्यंत १६ मीटर मिळतात, तिरकी विरुद्ध कोपऱ्यात मारली तर जवळपास १८. जोरदार टॉपस्पिन रेषेबाहेर जात असेल तर ती तिरकी मारून बघा, दोन मीटर फुकट मिळतात.

लक्ष्याच्या सरावात एक अट पाळाच: मारण्यापूर्वी जागेचं नाव मोठ्याने घ्यायचं. "मागे डावीकडे" म्हणालात आणि चेंडू मागे उजवीकडे सुरेख पडला तर शून्य गुण. ही अट नसेल तर माणूस चेंडू पडल्यावर ठरवतो की आपल्याला तिथेच मारायचा होता.

वाऱ्याशी ओळख

शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो, आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. रात्री आणि पहाटे तो उलटतो, पण बेताचाच असतो. कोकणात किंवा गोव्यात सकाळी सातला शांत हवेत सराव करणाऱ्या जोडीला दुपारी चारच्या सामन्यात आपलीच सर्व्हिस ओळखू येत नाही, ती यामुळे.

आकड्यांत बघा. समजा तुमची सर्व्हिस सेकंदाला १५ मीटरने निघाली आणि वारा सेकंदाला ५ मीटरचा, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, किनाऱ्यावर सहज आढळणारा. वारा समोरून असेल तर चेंडूला लागणाऱ्या हवेचा वेग २०. मागून असेल तर फक्त १०. हवेचा जोर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे समोरच्या वाऱ्यात चेंडूवरचा जोर मागच्या वाऱ्याच्या चौपट. तोच चेंडू, तोच हात, आणि चौपट फरक. समोरच्या वाऱ्यात टॉपस्पिन जास्त तीव्रतेने खाली येते, फ्लोटर जास्त डुलतो आणि तुम्ही बिनधास्त जोर लावू शकता. मागच्या वाऱ्यात फ्लोटर शांत होतो आणि सरळ रेषेबाहेर जातो. तिथे टॉपस्पिन, आखूड सर्व्हिस किंवा दोरीखालून जाणारी कमी उंचीची सर्व्हिस बरी. म्हणून नाणेफेक जिंकल्यावर अनुभवी जोड्या बरेचदा सर्व्हिसऐवजी बाजू निवडतात.

सामन्यात पहिल्या दोन सेटमध्ये दर सात गुणांनी बाजू बदलते, तिसऱ्यात दर पाच गुणांनी. सराव तसाच करा: सात सर्व्हिस या बाजूने, धावत पलीकडे जा, सात त्या बाजूने. दोन्ही बाजूंची नोंद वेगळी ठेवा. चार-पाच सत्रांत स्पष्ट दिसेल की कुठल्या बाजूने तुम्ही फुकट गुण वाटताय. मग सगळा वेळ त्या बाजूला द्या. वारा आडवा असेल तर वारा येतो त्या बाजूच्या कोपऱ्याकडे उभे राहून कोर्टाच्या जवळच्या भागावर नेम धरा आणि चेंडू वाऱ्याला आत ओढू द्या.

वाऱ्याचा आणि उन्हाचा सगळ्यात खट्याळ वापर म्हणजे स्कायबॉल. चेंडू खालून मारून आभाळात उंच उडवायचा. उरुग्वेत जन्मलेला आणि इटलीकडून खेळलेला एड्रियन काराम्बुला यासाठी ओळखला जातो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रेक्षक त्याच्या या सर्व्हिसची वाट बघत. त्याआधी १९८० च्या दशकात ब्राझीलच्या बर्नार्डने इनडोअर खेळात अशी सर्व्हिस गाजवली होती, १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवलेल्या संघातला हा खेळाडू. चेंडू २० मीटर उंच जाऊन खाली यायला एकूण चार सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ घेणारा मान वर करून, सूर्याकडे डोळे बारीक करून, वाऱ्यावर सरकणाऱ्या चेंडूखाली पाय हलवत बसतो. सरावाच्या शेवटी दहा-बारा मारून बघायला मजा येते, आणि दुपारच्या सामन्यात एखादा गुण मिळूनही जातो. पण फ्लोटर बसण्याआधी याच्या नादी लागू नका.

किती चुका परवडतात

प्रशिक्षक एकीकडे "सर्व्हिस सोडू नकोस" म्हणतात, दुसरीकडे "जोर लाव" म्हणतात. दोन्ही सल्ले एकदम पाळता येत नाहीत, म्हणून गणित करावं.

समजा तुम्ही अगदी सुरक्षित सर्व्हिस करता, एकही चुकत नाही, पण सोपी असल्यामुळे समोरची जोडी १०० पैकी ६५ वेळा गुण घेते. तुमच्या वाट्याला ३५. आता कठीण सर्व्हिस करा. ती आत पडली की समोरचे निम्म्याच वेळा गुण घेतात, पण तुमच्या १०० पैकी २० बाहेर जातात. आत पडलेल्या ८० पैकी ४० गुण तुमचे. म्हणजे वीस सर्व्हिस फुकट घालवूनही ३५ च्या जागी ४०. चुका ३० झाल्या तर आत ७०, त्यातले ३५ तुमचे, म्हणजे सुरक्षित सर्व्हिसशी बरोबरी. त्याच्या पुढे गेलात तर तोटा.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत. समोरची जोडी बदलली की आकडेही बदलतात. म्हणूनच आपले आकडे आपणच काढावे लागतात, आणि त्यासाठी फक्त एस (समोरच्याला खेळताच न आलेली, थेट गुण देणारी सर्व्हिस) मोजून उपयोग नाही. दोन घेणारे उभे करा आणि प्रत्येक पासला गुण द्या. जोडीदाराला जागेवरून हव्या तशा लिफ्टसाठी चेंडू मिळाला तर ३. दोन-तीन पावलं टाकावी लागली तर २. कसाबसा पोचला तर १. एस झाला तर ०. तुमची सर्व्हिस नेटमध्ये किंवा बाहेर गेली तर ती वेगळ्या रकान्यात. एका वहीत हे लिहून ठेवलं की लक्षात येतं, दिसायला भारी असलेल्या जंप सर्व्हिसवर समोरचे आरामात ३ घेतायत आणि मधल्या पट्ट्यात पडणाऱ्या साध्या फ्लोटरवर धडपडतायत. असं पुष्कळांच्या बाबतीत निघतं.

आलटून पालटून

१९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना हाताने लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायला शिकवलं. काहींनी एक क्रम सलग घोटला, मग दुसरा. काहींनी सगळे क्रम मिसळून सराव केला. शिकताना मिसळून करणारे संथ होते. नंतर परीक्षा घेतली तेव्हा त्यांनीच बाजी मारली. पुढे अनेक खेळांत हा विषय तपासला गेला, आणि सरावात छान दिसणं म्हणजे शिकणं नव्हे, हे वारंवार पुढे आलं.

सर्व्हिसला हे नीट लागू पडतं. टॉस आणि मनगट बसेपर्यंत एकच सर्व्हिस सलग मारणं ठीक आहे, नवख्याला तेच हवं. त्यानंतर मात्र दोन सर्व्हिस सारख्या मारू नका. जोडीदार पलीकडून ऐन वेळी जागा ओरडून सांगेल, तुम्ही पाच सेकंदांत ती मारायची. एक तिरकी, एक आखूड, एक मधल्या पट्ट्यात. सत्र बिघडल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

त्यात दमणूकही मिसळा. सामन्यात सर्व्हिस ताज्या अंगाने होत नाही; रॅली संपते, वाळूतून उठायचं, डोळ्यांतली रेती पुसायची आणि शिट्टी होते. म्हणून सर्व्हिसपूर्वी एक सूर मारा, उठा, नेटला हात लावून परत या आणि मग मारा. सहा-सहाच्या गटात, मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन. १८-१८ अशा गुणावरून सुरू होणारा छोटा सामनाही खेळून बघा. खांद्यात पुढच्या बाजूला टोचायला लागलं तर त्या दिवसाची जंप सर्व्हिस तिथेच बंद करा आणि राहिलेला वेळ टॉसच्या गोलाला द्या.

मारल्यावर लगेच

इनडोअरच्या सवयीचा शेवटचा अडसर हा. सर्व्हिस मारून खेळाडू उभा राहतो, चेंडू कुठे जातोय बघत. वाळूवर तुमच्या मागे कुणी नाही. साधारणपणे एक जण ब्लॉकला जातो आणि दुसरा मागचं अख्खं कोर्ट सांभाळतो. तुम्ही बचाव करणारे असाल तर चेंडू हातून सुटताच कोर्टाच्या मध्यात यायचं. ब्लॉकर असाल तर आठ मीटर वाळू तुडवत थेट नेटपर्यंत.

नेटजवळ उभा असलेला जोडीदार पाठीमागे बोटांनी खुणा करतो. एक बोट म्हणजे तो रेषेकडचा फटका अडवणार, दोन बोटं म्हणजे तिरका. डावा हात डावीकडच्या मारणाऱ्यासाठी, उजवा उजवीकडच्यासाठी. उरलेली बाजू तुमची. खूण बघून तुम्ही "हो" म्हणता आणि मग सर्व्हिस करता, त्यामुळे सर्व्हिस त्या आखणीचाच भाग असते. जोडीदार तिरका फटका अडवणार असेल तर समोरच्याला कोर्टाच्या कुठल्या भागात खेचायचं, आणि तिथून त्याला रेषेकडे मारणं सोपं जाईल की अवघड, हे टॉस करण्याआधी ठरलेलं हवं.

याचा सराव चार जणांत होतो. खूण, सर्व्हिस, धाव आणि समोरच्यांचा पहिला हल्ला, एवढंच खेळायचं. पुढची रॅली सोडून द्यायची. समोरच्याने मारण्याच्या क्षणी तुम्ही ठरल्या जागी, पाय स्थिर करून उभे असाल तर एक गुण, धावत असाल तर शून्य. चेंडू उचलला गेला का, हे सुरुवातीला मोजूही नका. दहाची फेरी झाली की सर्व्हिस करणारा बदला.